सातबाऱ्यापासून बँक खात्यापर्यंत : यवतमाळ जिल्ह्यातील शेती अनुदान

शेती अनुदान म्हणजे शेतीतला खर्च, जोखीम किंवा तोटा यांचा काही भाग सरकारने आपल्या तिजोरीतून उचलणे. ते शेतकऱ्यापर्यंत दोन वाटांनी पोचते. पहिल्या वाटेचे अनुदान वस्तूच्या किमतीतच मुरलेले असते. युरियाची ४५ किलोची गोणी कृषी केंद्रावर २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि मधला फरक केंद्र सरकार खत कंपनीला देते. ही रक्कम शेतकऱ्याच्या डोळ्यांना कधी दिसत नाही. दुसऱ्या वाटेचे अनुदान रोख असते आणि थेट बँक खात्यात जमा होते. गावात ‘पैसे पडले का’ असे विचारले जाते ते याच रकमेबद्दल. या प्रकरणात मुख्यतः या दुसऱ्या वाटेचा विचार केला आहे.

त्यासाठी यवतमाळ हा बोलका जिल्हा आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मध्ये पसरलेल्या या जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिके. बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर अशी धरणे असली तरी बहुतेक वावर कोरडवाहू आहे. ओलिताची सोय नसल्याने खरिपाच्या चार महिन्यांवर वर्षाचा संसार उभा राहतो. पावसाने ओढ दिली तर पेरणी उलटते, जास्त झाला तर सोयाबीन शेंगेतच कुजते. अशा जिल्ह्यात सरकारी रक्कम ही वरकमाई नसते. बियाणे, खत आणि मजुरी यांच्या हिशेबात ती आधीच धरलेली असते. म्हणून ती कोणाला मिळते, कशी मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

भावातून मदत, मग रोख मदत

महाराष्ट्रात कापूस उत्पादकाला सरकारी आधार देण्याचा पहिला मोठा प्रयत्न रोख रकमेतून नव्हता, भावातून होता. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची अंमलबजावणी यांतून कापूस एकाधिकार खरेदी योजना उभी राहिली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. एकाधिकार योजनेत कापूस सरकारनियुक्त यंत्रणेलाच विकायचा असे आणि बाजार पडला तर तोटा राज्याच्या तिजोरीवर पडे. या व्यवस्थेत लाभ कापसाच्या वजनाला होता : ज्याने जितका कापूस घातला, तितका त्याचा वाटा. तोटा वाढत गेला, चुकारे रखडू लागले आणि २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाल्यावर एकाधिकार नावापुरताही उरला नाही.

त्यानंतरच्या वर्षांत पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले. राज्य सरकारने डिसेंबर २००५ मध्ये १,०७५ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यातला मोठा भाग सिंचन प्रकल्पांचा होता, ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीचे होते. शेतकऱ्याच्या हातात थेट पडणारा पैसा त्यात थोडाच होता.

२००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी आली. २ हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत, जमीन असलेल्यांना पूर्ण माफी आणि त्यावरील शेतकऱ्यांना उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सूट, असा तिचा नियम होता. बागायती भागात पाच एकर ही बरी जमीन असते. यवतमाळच्या कोरडवाहू रानात मात्र आठ-दहा एकरांचा धनीही हलाखीत असतो. तो ‘मोठा शेतकरी’ ठरला आणि पूर्ण माफीतून बाहेर राहिला. या तक्रारीची दखल घेऊन केंद्राने अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार रुपये यांपैकी जी जास्त असेल ती सूट देण्याची दुरुस्ती केली. पुढे राज्याने २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाख रुपयांपर्यंत थकीत पीक कर्ज माफ करणाऱ्या योजना आणल्या. पहिलीला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव होते, दुसरीला महात्मा जोतीराव फुले यांचे.

कर्जमाफीचा लाभ संस्थात्मक कर्जाला होतो. ज्याने सावकाराकडून किंवा कृषी केंद्राकडून उधारीवर हंगाम काढला, त्याच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजाच नसतो, त्यामुळे माफ होण्यासारखे काही कागदावर दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक उपाय म्हणून कर्जाशी संबंध नसलेली, ठरावीक रकमेची थेट मदत पुढे आली.

आज कोणकोणत्या रकमा मिळतात

पहिली रक्कम सन्मान निधीची. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. सुरुवातीला ती २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती, नंतर जमिनीची मर्यादा काढून टाकण्यात आली. वर्षाला ६ हजार रुपये, दर चार महिन्यांनी २ हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने त्यावर नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६ हजार दिले; त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीहून वितरित झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळ येथूनच केंद्राच्या योजनेचा १६ वा हप्ता, देशभरासाठी २१ हजार कोटींहून अधिक, आणि राज्याच्या योजनेचे दुसरा व तिसरा असे दोन हप्ते, सुमारे ३,८०० कोटी रुपये, वितरित केले. दोन्ही मिळून पात्र कुटुंबाला वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकरीतील बहुतेक कर्मचारी, महिना १० हजार किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे आणि डॉक्टर, वकील, अभियंते यांच्यासारखे व्यावसायिक यातून वगळले आहेत.

दुसरी रक्कम नैसर्गिक आपत्तीची. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले असेल तर निविष्ठा अनुदान मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, ओलिताखालील पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत, असा दर आहे. राज्य सरकार आपली भर घालून हा दर वेळोवेळी बदलते. काही काळ कोरडवाहूला १३,६०० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर होती. मे २०२५ मध्ये पुन्हा मूळ निकष लागू झाले. त्याच वर्षी पावसाने राज्यभर हाहाकार केल्यावर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि मूळ दरावर रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार देण्याचे ठरले. पुराने शेत गाळाने भरले किंवा माती खरडून गेली तर त्याचा दर वेगळा असतो. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले तेव्हा लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा पुरात हंगाम जातोच, शिवाय पुढच्या हंगामाची मातीही वाहून जाते.

तिसरी रक्कम पीक विम्याची. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. शेतकऱ्याने खरीप अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्के हप्ता भरायचा. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतात. या योजनेत हप्त्याचे अनुदान हेच खरे अनुदान असते. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा १ रुपयावर आणला होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि भरपाई प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नाशी जोडली गेली. रानडुक्कर आणि रोही यांनी केलेले नुकसान ही यवतमाळच्या जंगलकाठच्या गावांची जुनी तक्रार. वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

चौथी रक्कम विशिष्ट पिकाच्या संकटावर दिलेली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातील कपाशी पोखरली. तेव्हा राज्याने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. ती रक्कम तीन तुकड्यांची होती : ६,८०० आपत्ती निधीतून, ८,००० विम्यातून आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून. जाहीर आकडा मोठा असला तरी तिन्ही तुकड्यांची दारे आणि अटी निरनिराळ्या होत्या. जाहीर झालेली मदत आणि हाती आलेली मदत यांत फरक का पडतो, हे या जोडणीवरून कळते. २०२३ च्या खरिपातील पडलेल्या भावासाठी कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना दिलेले साहाय्य मात्र सरळ होते : २० गुंठ्यांपर्यंत सरसकट १,००० रुपये आणि त्यावर २ हेक्टरपर्यंत हेक्टरी ५,००० रुपये. राज्याने यासाठी सुमारे ४,१९४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि वाटप ३० सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाले.

पाचवी रक्कम अवजारे, ठिबक, तुषार, ट्रॅक्टर यांच्या खरेदीवरची. ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. ठिबकवर अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के मूळ अनुदान आहे; राज्याच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. या रकमेचा एक नियम नेहमी नडतो. आधी पूर्वसंमती घ्यायची, मग खरेदी करायची, मग देयक चढवायचे, मग मोका तपासणी आणि शेवटी पैसे. म्हणजे सुरुवातीला सगळा खर्च शेतकऱ्यालाच उभा करावा लागतो. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा नाही, तो ८० टक्के अनुदानाच्या दारापर्यंतही जात नाही.

या पाचांखेरीज व्याजाची सवलत आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येते. मात्र थकीत गेलेल्याला ती मिळत नाही.

कागदाचा प्रवास

या सगळ्या रकमांचे मूळ एकाच कागदात आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड-उतारा. सात नंबरात जमीन कोणाच्या नावे, किती क्षेत्र, कोणत्या बँकेचा बोजा, इतर हक्क कोणाचे, हे लिहिलेले असते. बारा नंबरात त्या हंगामात कोणते पीक, किती क्षेत्रावर आणि ओलित आहे की नाही, याची नोंद असते. सन्मान निधी सात नंबराकडे पाहतो. पिकाशी जोडलेली मदत सात आणि बारा दोन्ही पाहते.

बारा नंबरातली नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून ही नोंद करायची, असे ठरले. वावरात उभे राहून गट क्रमांक निवडायचा, पीक व क्षेत्र भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोन त्या जागेची खूणही नोंदवतो. झरी जामणी किंवा घाटंजीच्या डोंगराळ भागात वावरात रेंज नसते, तेव्हा शेतकरी धुऱ्यावरून उंचवट्यावर आणि उंचवट्यावरून रस्त्यावर चढत राहतो. काहींकडे साधा फोन असतो. ते शेजारच्या पोराला घेऊन जातात. मुदत गेली की उतारा कोरा राहतो. २०२३ च्या कापूस-सोयाबीन साहाय्याच्या वेळी हीच नोंद निर्णायक ठरली. पऱ्हाटी वावरात उभी होती, पण बारा नंबरात नव्हती, अशांना यादीत नाव घालण्यासाठी धावपळ करावी लागली.

आपत्तीच्या रकमेचा प्रवास पंचनाम्याने सुरू होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी शेत पाहून नुकसान लिहायचे असते. अलीकडे या तिघांची पदनामे बदलली आहेत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात जुनीच नावे चालतात. गावाची यादी तहसीलमध्ये, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पुढे शासनाकडे जाते. निधी मंजूर झाला की पोर्टलवर प्रत्येक शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक तयार होतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. ही यादी लागली की शेतकऱ्याने सेवा केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचे. कापूस वेचून बोटांची टोके चिरलेली असतात, मातीने ठसे झिजलेले असतात. यंत्रावर अंगठा चार-चार वेळा ठेवावा लागतो. सन्मान निधीसाठी २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, ती अशा हातांसाठी मोठाच दिलासा आहे.

विम्याच्या रकमेचा प्रवास वेगळा. महसूल मंडळात निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा चौकोन आखतात, त्यातले पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न काढून त्याच्या ७० टक्के हे उंबरठा उत्पन्न धरले जाते. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आला, प्रयोगात ७ क्विंटल निघाले आणि विमा रक्कम ५० हजार आहे, तर भरपाई १५ हजार होते. हा हिशेब मंडळाचा असतो, एका शेताचा नाही. नाल्याकाठचे एकट्याचे वावर बुडाले आणि मंडळाची सरासरी टिकली, तर त्याला या मार्गाने काहीच मिळत नाही.

याशिवाय जुनी पैसेवारी, म्हणजे गावातल्या पिकाचा पैशांत मांडलेला अंदाज, आहेच. विदर्भात ती नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा जाहीर होते. अंतिम आकडा ३१ डिसेंबरला येतो. तो ५० पैशांच्या आत आला तर जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती लागू होतात. त्यात खात्यावर पैसे पडत नाहीत, म्हणून पैसेवारी आणि अनुदान यांची गल्लत करू नये.

प्रवासाचा शेवटचा टप्पा बँकेचा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि एकाहून जास्त खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळदा ‘पैसे आले नाहीत’ ही तक्रार खरी नसते. पैसे विसरलेल्या दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. थकीत कर्जदाराच्या खात्याला बँक कधी ‘होल्ड’ लावते आणि आलेली मदत काढता येत नाही. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये, असे शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेले असते. असे घडल्यास शेतकऱ्याने तो निर्णय दाखवून तहसीलदार किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी.

यादीबाहेर राहणारे हात

पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. जिथे नाव असलेला आणि कसणारा एकच आहे, तिथे ही व्यवस्था बरी चालते. जिथे ते दोघे वेगळे आहेत, तिथे ती कसणाऱ्याला चुकवून पुढे जाते.

पहिले बाहेर राहतात मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे. मालक यवतमाळ, नागपूर किंवा पुण्याला नोकरीला. वावर गावातला भूमिहीन किंवा अल्पभूधारक मक्त्याने करतो. करार तोंडी आणि वर्षापुरता असतो. लेखी करार केला तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याखाली कसणाऱ्याचा हक्क लागेल, ही मालकाची धास्ती. विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तोच होत नाही. परिणामी बियाणे, खत, फवारणी, मजुरी सगळे मक्तेदाराचे. अतिवृष्टीची रक्कम आणि सन्मान निधी मालकाचे. चांगला मालक ती रक्कम मक्त्यातून वजा करतो, पण ते त्याच्या मनावर असते.

दुसऱ्या बाया. पेरणी, निंदण, खत देणे, वेचणी ही कामे बहुतांशी बायांच्या हातची असतात. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. नवरा गेल्यावर वारस नोंद होईपर्यंत त्या शेताला धनीच उरत नाही. वारसाचा अर्ज, फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी हे टप्पे कागदावर सोपे आहेत; दीर-सासऱ्यांनी हरकत घेतली की ते वर्षानुवर्षे लांबतात. ज्या यवतमाळने इतके शेतकरी गमावले, तिथे मागे राहिलेल्या बाईच्या नावावर शेत चढणे ही तिच्या सगळ्या हक्कांची पहिली पायरी आहे.

तिसरे सामायिक खातेदार. आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर, खाली पाच-सहा नातवंडे, वाटणी तोंडी. पिकाचे साहाय्य एका खात्यात घालायचे तर इतरांचे संमतीपत्र लागते. भाऊबंदकीत ते मिळत नाही आणि रक्कम कोणालाच मिळत नाही.

चौथे वनपट्टेधारक. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम आणि गोंड कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टे मिळतात. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, वारसाला जातो, पण विकता येत नाही. ही नोंद नेहमीच्या सातबाऱ्यासारखी नसल्याने प्रत्येक नव्या पोर्टलवर ती कशी चढवायची, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. अकरा अंकी हा क्रमांक शेतकऱ्याची सर्व जमीन आणि आधार एकत्र बांधतो. त्याने वारंवार कागद देण्याचा त्रास वाचतो. पण तो क्रमांकही सातबाऱ्यावरूनच तयार होतो. उताऱ्यातली चूक त्याने सुधारत नाही, ती सगळ्या योजनांत एकदम पसरते.

चार एकरांचा हिशेब

राळेगाव भागातील चार एकर, म्हणजे सुमारे १.६ हेक्टर, कोरडवाहू शेतीचे उदाहरण घेऊ. दोन एकर कापूस, दोन एकर सोयाबीन. वर्षाचा सन्मान निधी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,००० आणि एकरी ३,०००. २०२३ च्या खरिपाचे कापूस-सोयाबीन साहाय्य ८,००० रुपये. अतिवृष्टीत पीक गेले तर हेक्टरी ८,५०० प्रमाणे १३,६०० रुपये.

आता खर्चाची आणि भावाची बाजू. बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट २०२४ मध्ये ८६४ आणि २०२५ मध्ये ९०१ रुपयांचे होते. एकरी दोन पाकिटे धरली तर दोन एकरांचे बियाणेच साडेतीन हजारांच्या घरात जाते. खत, फवारणी, डवरणी आणि वेचणी त्यापुढे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार बराच काळ त्याखाली राहिला. एकरी सात क्विंटल उतारा आणि क्विंटलमागे ७०० रुपयांची तूट धरली, तर दोन एकरांच्या १४ क्विंटलांवर ९,८०० रुपये कमी मिळतात. वर्षभराचा बहुतेक सन्मान निधी एका पिकाच्या भावातच जिरतो. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ‘उणे सबसिडी’ हा शब्द वापरत, त्याचा अर्थ इथे समजतो : धोरणामुळे भाव जितका पडतो, तितके शेतकरीच समाजाला देत असतो.

पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. माती तीच, पऱ्हाटीही तीच. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेत एकरी प्रति हंगाम ४,००० रुपये देण्यास सुरुवात केली. पुढे ते ५,००० झाले आणि जानेवारी २०२५ पासून रयतु भरोसा या नावाने एकरी वर्षाला १२,००० ठरले. त्या दराने चार एकरांना ४८,००० आणि दहा एकरांना १,२०,००० रुपये होतात. महाराष्ट्रातले १२,००० हे कुटुंबाला आहेत, मग जमीन एक एकर असो की दहा. एकरी दराने मोठ्या धन्याला जास्त मिळते. कुटुंबाच्या दराने लहान शेतकऱ्याला एकरामागे जास्त पडते. रयतु बंधूनेही रक्कम जमिनीच्या धन्यालाच दिली आणि कसणारे कूळ बाहेरच राहिले. नदीच्या दोन्ही काठांवर उणीव तीच होती.

जगात इतरत्रही हा प्रश्न सुटलेला नाही. युरोपात १९९२ पासून हेक्टरी थेट रक्कम दिली जाते आणि तिचा मोठा भाग मोठ्या भूधारकांकडे जातो. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि जिंकली, कारण त्या अनुदानाने जगाचा कापूस भाव दाबला जात होता. त्या दाबलेल्या भावाची झळ वणी आणि पांढरकवड्याच्या कापूस बाजारालाही लागत होती.

काय करता येईल

जिल्ह्याच्या पातळीवर करण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. प्रलंबित वारस नोंदी गावोगावी शिबिरे घेऊन निकाली काढणे. पती-पत्नीचे संयुक्त नाव उताऱ्यावर चढवणे. कुळाच्या हक्काची भीती न राहता वर्षभराचा मक्ता नोंदवता येईल असा साधा कागद कायद्याने उपलब्ध करून देणे. वनपट्ट्यांची नोंद इतर उताऱ्यांच्या बरोबरीने पोर्टलवर आणणे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही फारसा लागत नाही. महसूल यंत्रणेने मनावर घेणे एवढेच लागते.

शेतकऱ्याच्या हातातल्या गोष्टीही थोड्या नाहीत. दरवर्षी मृगापूर्वी सातबारा आणि आठ अ, म्हणजे खाते उतारा, काढून वाचावा. नाव, क्षेत्र आणि बोजा बरोबर आहे का, ते पाहावे. ई-पीक पाहणी मुदतीत करावी आणि नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे, हे बँकेत विचारून घ्यावे. घरात मृत्यू झाला असेल तर वारस नोंदीचा अर्ज पुढे ढकलू नये.

बारा हजार रुपयांनी यवतमाळची कोरडवाहू शेती फायद्याची होत नाही. त्यासाठी पाणी आणि भाव लागतात. पण पेरणीच्या तोंडावर आलेला दोन हजारांचा हप्ता एखाद्या घराला बियाण्याच्या दोन पाकिटांसाठी सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवतो. ज्याच्या घामाने ते बियाणे उगवते, त्याचे किंवा तिचे नाव उताऱ्यावर येईल, तेव्हा ही रक्कम योग्य हातात पडेल.